डाव्या हाताचे घट्टे

वडूजच्या स्टँडवर माझी आई असा हंबरडा फोडून रडली की एसटीचा कंडक्टर खाली उतरला आणि कोण गेलं म्हणून विचारू लागला. कुणी गेलं नव्हतं. मी सांगलीला डिप्लोमा करायला चाललो होतो, एवढंच. त्र्याण्णव सालचा जून होता, पायाशी पत्र्याची ट्रंक होती आणि चारचौघांत मान वर करायची सोय उरली नव्हती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला गप्प करायला बघितलं, तर ती कंडक्टरलाच सांगायला लागली, "मेंढरं न्हाईत ओ संगं. एकटाच चाललाय ह्यो."

कंडक्टरला त्यातलं ओ की ठो कळलं नसणार. तुम्हाला कळेल. माळावर मागं राहिलात त्यांना कळेल, आणि माझ्यासारखीच ट्रंक उचलून कुठं कुठं जाऊन पडलात त्यांनाही. आपल्या धनगराच्या घरात घर सोडणं हे काही आक्रीत नव्हतं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचं, विट्याच्या अंगानं खाली उतरत इस्लामपूरकडच्या उसाच्या मळ्यांत जायचं, खतासाठी शेतकऱ्यांच्या रिकाम्या रानांत मेंढरं बसवायची आणि पावसाच्या तोंडाला माळावर परतायचं. मी चालायला शिकलो तोही म्हणे असल्याच एका मुक्कामावर. निघताना रडायची आपल्यात रीतच नव्हती, कारण भांडीकुंडी, कोंबड्या, म्हातारी माणसं, सगळं घरच सोबत चालायचं. घर मागं ठेवून जाणारा माणूस आईनं त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

आबा रडले नाहीत. गाडी हलताना खिडकीशी आले आणि म्हणाले, "जाशील तिथं आदी पानी बघ, मग बूड टेक." सांगलीत पाण्याची काही ददात नव्हती. कृष्णा होती, नळ होता, पावसाळ्यात तर नको तितकं पाणी होतं. बाकी काय बघायचं ते त्यांनी सांगितलं नाही, कारण ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

विश्रामबागेत एका बंगल्याच्या मागच्या अंगाला पत्र्याची खोली मिळाली. खोलीत माझ्याबरोबर सुहास होता, इस्लामपूरचा, साखर कारखान्यातल्या कारकुनाचा मुलगा. बोलायला गोड आणि अंगानं आळशी. त्याला कशाचाही नाद लागायचा तसा लागायचा आणि सुटायचा तसा सुटायचा. वर्गातली बाकीची पोरं मला वाईट वागवत होती असं नाही, पण मी तोंड उघडलं की त्यांची करमणूक व्हायची. हजेरीला मी "हाय सर" म्हणालो की मागच्या बाकावरून चारपाच जण हात हलवून "हाय, हाय" करायचे. त्यांना ते इंग्रजीतलं वाटायचं, म्हणजे वाटत नसायचं, पण मजा यायची. दोनतीन महिन्यांत मी 'आहे' म्हणायला शिकलो. नंतर नंतर बोलणंच कमी केलं, तो उपाय जास्त सोपा होता.

दुसऱ्या वर्षी सुहासला गिटारचा नाद लागला. मिरजेत सतारी-तंबोऱ्यांच्या एका दुकानात कोपऱ्यात धूळ खात पडलेली गिटार तो उचलून घेऊन आला. बरोबर एक झेरॉक्स होती, तिच्यावर सहा उभ्या रेघा आणि त्यांवर ठिपके, कुठलं बोट कुठं दाबायचं ते दाखवणारे. आणि त्याच्या भावानं पुण्याहून भरून आणलेली एक कॅसेट होती. पंधरवड्यात सुहासची बोटं दुखायला लागली आणि गिटार खुंटीवर गेली. कॅसेट मात्र वाजत राहिली.

त्या कॅसेटमध्ये ते गाणं होतं. इंग्रजी, रॉक म्हणतात त्यातलं, आमच्या जन्माच्या आधीचं, जुनं. नाव सांगत नाही. कॅसेटच्या कागदावर ते चुकीचं लिहिलेलं होतं आणि मी कित्येक वर्षं तेच चुकीचं नाव घेऊन फिरलो. सुरुवातीला नुसती एक गिटार असायची, सावकाश, कुणी अंधूक वाटेनं पाय चाचपत चालावं तशी. मग ढोल यायचे, मग सगळा धिंगाणा. आणि शेवटाला, शब्द संपल्यावर, तो गाणारा माणूस एक लांबच लांब आरोळी ठोकायचा. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा जेवत होतो, घास हातातच राहिला. ओढ्यापलीकडं भरकटलेल्या मेंढराला आबा हाक मारायचे ती ही हाक होती. सूर तोच, शेवटी आवाज फाटायचा तोही तसाच. सुहासला सांगितलं तर तो हसून हसून लोळला. म्हणाला, तो केस वाढवलेला गोरा माणूस आहे रे गड्या, त्याच्याकडं कुठली मेंढरं? त्याचं बरोबर होतं. तरी मी गिटार खुंटीवरून काढली.

मला सूर कळत होता अशातला भाग नाही. आमच्या घरात वाद्य म्हणजे जत्रेतला ढोल, तोही चुलत्यांकडं. मी आपलं कॅसेट थोडी वाजवायची, थांबवायची, बोट ठेवून बघायचं, चुकलं की पेन्सिलीनं फिरवून मागं न्यायची, असं करत बसलो. पेन्सिलीनं अशासाठी की मागं न्यायचं बटण दाबलं की टेप अडकायची. एकेका सुरासाठी आठवडा गेला. तारा लोखंडी होत्या आणि लाकडापासून फार उंच होत्या, त्यामुळं दाबायला जोर लागायचा. आधी डाव्या बोटांच्या टोकांवर लाल रेघा उमटल्या, मग पाण्याचे फोड आले, ते फुटले, सालं निघाली, आणि त्याखालची कातडी टणक होत गेली. एफ नावाची एक पकड आहे, तिच्यात पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबून धरावं लागतं. त्या पकडीनं माझा हिवाळा खाल्ला. सुहास खाटेवर पडून विचारायचा, दुखत नाही का रे? दुखतं की, मी म्हणायचो. मग थांब ना. पण थांबून करायचं काय, हे ना त्याला सांगता येत होतं ना मला.

खरं सांगायचं तर त्या खोलीत दुसरं काही जमतच नव्हतं. वर्कशॉपमध्ये माझा जोड कधी नीट बसला नाही, ड्रॉइंगचे विषय राहत गेले, पास होत होतो ते रखडत. हे एक गाणं तेवढं रोज एखाद्या नखाएवढं पुढं सरकायचं. गॅदरिंगला वाजवू का म्हणून विचारलं तर तिथल्या पोरांनी हिंदी काहीतरी बसव म्हणून सांगितलं. हिंदी मला काही येत नव्हतं. मला ते एकच गाणं येत होतं, आणि तेही मी गात नव्हतो, कारण त्यातले शब्द आम्हा दोघांनाही शेवटपर्यंत लागले नाहीत. सुहास म्हणायचा, घर सोडून गेलेल्या माणसाचं आहे. त्यानं हे कशावरून काढलं होतं कुणास ठाऊक.

इकडं आबांचा गुडघा गेला होता. सुट्टीत मी मुक्कामावर जायचो तेव्हा दिसायचं. आधी लंगडत, मग काठीवर, मग दिवसभर मेंढरांमागं आई, आणि आबा बाभळीखाली बिऱ्हाडाच्या राखणीला. हाताखालचा गडी होता तो सुताच्या गिरणीत लागला. आबा मला कधी ये म्हणाले नाहीत. पण कळप म्हणजे पाठीमागं माणूस पाहिजेच, आणि मी एकुलता एक. मी आलो तर कळप राहणार, नाही आलो तर विकावा लागणार, एवढं साधं होतं. ते न बोलताही तिघांना ठाऊक होतं. प्रत्येक सुट्टी संपताना ते आमच्या तिघांमध्ये येऊन बसायचं आणि मी एसटी गाठायचो.

आमच्या घरातली एक रीत इथं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मेंढरं कातरायची कातर मोठी असते, सलग चालवली की अंगठ्याच्या बुडाशी घट्टा पडतो. पोरगं कातरायला बसायला लागलं की बाप अधूनमधून त्याचा हात हातात घेऊन ती जागा दाबून बघायचा. घट्टा पडून तो दुखायचा थांबला, की हात बसला म्हणायचं आणि त्याची मेंढरं वेगळी काढून द्यायची. आबांच्या वडिलांनी आबांना तसाच कळप दिला होता. माझा हात बसायच्या आधीच मी शाळेत हुशार निघालो, त्यामुळं माझा हात कुणी दाबून बघितला नव्हता.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात शेवटचे पेपर दिले आणि मी ठरवलं, परत जायचं. आबांचा गुडघा हे एक कारण होतंच, पण त्याहून मोठं कारण असं की सांगलीला तीन वर्षं राहून मी तिथला झालो नव्हतो. रस्ते पाठ झाले होते, भेळवाला ओळखायला लागला होता, 'आहे' आणि 'नाही' जिभेवर बसले होते, आणि तरी रोज उठल्यावर कुणाच्या तरी घरात झोपल्यासारखं वाटायचं. मेंढरांमागं मला बरं वाटत होतं. हे कुणाला सांगायची लाज वाटावी असे ते दिवस होते, पण मनात मी पक्कं केलं होतं. सुहासनं गिटार खुंटीवरून काढून माझ्या हातात दिली. म्हणाला, घेऊन जा, इथं कोण वाजवतंय. मी इस्लामपूरला उतरलो आणि ट्रंक डोक्यावर, गिटार गळ्यात, असा कॅनॉलच्या कडेकडेनं मुक्काम शोधत गेलो. आमचीच कुत्री माझ्यावर तुटून पडली.

आईनं गिटारच्या पोटावर टिचकी मारून बघितली आणि ह्यो कसला भोपळा म्हणाली. वाजवून दाव म्हणून मागं लागली. तारा पिळत होतो तेवढ्यात सगळ्यात बारकी तार खाडकन तुटली, आणि नेमकं ते गाणं त्या तारेवर सुरू होतं. मी म्हटलं, असू द्या, मिरजेला गेलो की आणतो. आबा तुटलेलं टोक बोटांत घेऊन बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी रस्ता ओलांडताना एक मेंढी उसाच्या ट्रॅक्टरखाली आली. तिचं जे करायचं ते केल्यावर आबांनी तिचं आतडं बाजूला काढून ठेवलं. मग ते कॅनॉलवर धुतलं, सुरीच्या बोथट अंगानं खरवडलं, आईची लोकर कातायची चाती घेतली आणि ओलं आतडं तिला बांधून पीळ द्यायला बसले. कापूस पिंजणाऱ्या पिंजाऱ्याच्या कमानीला असते ती तात अशीच करतात, लहानपणी त्यांनी बघितलं होतं. आई ओरडत होती, बाजारात मिळतंय की त्ये. आबा म्हणाले, बाजार लांब हाय. दोन खुंट्यांमध्ये ताणून त्यांनी ती उन्हात वाळत घातली आणि कावळ्यांपासून राखत बसले. आपल्याकडं जवळच्या माणसाला आतड्याचं माणूस म्हणतात. मी तिथं खाली बसून आबांचे हात बघत होतो.

तात जाड झाली, पिवळट, एके ठिकाणी गाठ असलेली. मी ती कशीबशी बसवली. लोखंडी तार टणटण वाजायची, ही थुप थुप बोलायची, आणि चार वेळा छेडली की सैल पडायची. पण दुपारी मेंढरं बाभळीच्या सावलीला टेकली, आई चूल विझवून आली, आबा समोर बसले, आणि मी ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं. सुहास सोडला तर आयुष्यात पहिल्यांदा कुणासमोर. निम्मे सूर घसरलेले होते. ज्या सुरासाठी मी आठवडे घातले होते तो सूर त्या तातीवर येतच नव्हता, मी पीळ देऊन देऊन तिला वर ओढत होतो आणि ती खाली येत होती. शेवटची आरोळी मी तोंडानं दिली, कारण ती गिटारवर वाजत नाही. दोनचार मेंढरांनी माना वर केल्या.

"ह्यो कुनाला हाकारतोय?" आबांनी विचारलं.

मी म्हटलं, ठाऊक न्हाई. तिकडचं हाय, परदेशातलं.

"मग गावलं का त्येला?"

गाणं तिथंच संपतं, असं मी सांगितलं. वाजवत असताना त्यांचं लक्ष गाण्याकडं नव्हतंच, ते माझ्या डाव्या हाताकडं बघत होते. त्यांनी तो हात ओढून घेतला आणि एकेक बोटाचं टोक अंगठ्यानं दाबून बघितलं, सावकाश, सगळी बोटं. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं असं कुणी म्हणेल. मला तेव्हाच कळलं, आणि मी घाईघाईनं बोललो. म्हटलं, आबा, मी परत आलोय, कायमचा. आता मेंढरं मी बघतो.

"माज्या गुडघ्यापायी येऊ नगंस."

गुडघ्यापायी न्हाई, मी म्हटलं, मलाच यायचंय.

"मग ह्ये काय?" त्यांनी बोटाचं टोक पुन्हा दाबलं. "दुखतंय?"

दुखत नव्हतं. न्हाई म्हणालो.

"मग हात बसला तुजा."

मी त्यांना सांगितलं की हे काम नव्हे. यावर कुणी भाकरी देत नाही, कॉलेजात कुणी हे शिकवत नाही, मला हे एकच गाणं येतं आणि तेही आत्ता चुकीचं वाजलं. हे सगळं गमतीनं झालंय आबा, मी म्हटलं.

आबा हसले. मला खोटं बोलताना पकडल्यासारखे, मायेनं. "गमतीनं घट्टं पडत न्हाईत, पोरा."

त्यांच्या सबंध आयुष्यात त्यांनी ज्यांच्या ज्यांच्या हाताला घट्टे बघितले होते, खोऱ्याचे, कुऱ्हाडीचे, मोटेच्या दोराचे, ते सगळे पोटासाठी पडलेले होते. करमणूक म्हणून कातडी सोलवटून घेणारा माणूस त्यांना माहीत नव्हता. मी जितकं सांगत गेलो तितकं त्यांना वाटत गेलं की पोरगा आपल्यासाठी तिकडची लागलेली वाट सोडतोय. आईही त्यांच्याच बाजूनं बोलायला लागली. शेवटी मी म्हटलं, निकाल लागू दे, कागद घेऊन येतो, मग बोलू. मला वाटलं, नापास होईन आणि विषय संपेल.

मी पास झालो. सगळ्या राहिलेल्या विषयांसकट, कसा ते आजही कळलेलं नाही. गुणपत्रिका घेऊन इस्लामपूरला उतरून त्या रानात गेलो तर तिथं नांगर चालला होता. मालक म्हणाला, धनगर गेला की, व्यापारी आला हुता, मेंढरं टेम्पोत घालून नेली. तुझे आईबाप एसटीनं गेले. कुत्री तेवढी तिथं राहिली होती, बांधावर बसून होती. त्या मालकाच्या माणसानं त्यांना भाकरी घातली होती.

गावी गेलो तेव्हा आबा दाराशी बसले होते. आमच्या घराचं दार पावसाच्या आधी उघडं मी कधी बघितलं नव्हतं. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी विचारलं, आता कुठं लागतोयस? मग मात्र मला राहवलं नाही. मी रडलो, आईसारखाच, आवाज काढून. म्हणालो, मला यायचं होतं आबा, खरंच यायचं होतं, मेंढरं मला पाहिजे होती. पोरगा खरं बोलत होता हे हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर उतरलेलं मला दिसलं, आणि ते दिसायला नको होतं असं मला आजही वाटतं.

"मग आदी सांगायचं हुतंस," ते म्हणाले.

सांगितलं होतं. पण ते बोलून आता काय उपयोग होता? व्यापाऱ्याकडून मेंढरं परत मिळत नाहीत, ती तोवर चार बाजारांत पांगलेली असतात. मी मान हलवली आणि व्हय म्हणालो.

पाऊस होऊन गेल्यावर होसूरला नोकरी लागली. तमिळनाडूत, कर्नाटकच्या हद्दीला लागून. विजेचे पॅनेल बनवायची कंपनी, आमच्या बॅचचे बरेच जण तिकडं गेले तसा मीही गेलो. तिथंच राहिलो. लग्न झालं, बायको जतकडची, तिला कानडी येतं म्हणून बाजारहाट तिच्याकडं, मला अजून भाजीवाल्याशी बोटांवर बोलावं लागतं. सकाळी पंचिंग, दुपारी कॅन्टीनचा सांबारभात, शिफ्ट सुटली की फ्लॅट, लिफ्ट, टीव्ही. शेजारी विचारतात, नेटिव्ह कुठलं? मी सातारा म्हणतो. ते म्हणतात, महाबळेश्वर! मी हो म्हणून टाकतो, पुढचं समजावत बसायला अंगात त्राण नसतं. इथं मला कुणी हसत नाही, कारण इथं मी कसंही बोललो तरी कुणाला कळत नाही.

गिटार गावीच राहिली होती. एकदा सुट्टीला गेलो तेव्हा आई म्हणाली, तुज्या भोपळ्याची तात उंदरांनी खाल्ली. बोटं तोवर मऊ पडली होती. पुढं कधीतरी मुलीनं फोनवर जुनी गाणी लावली होती, त्यांत ते गाणं आलं. इतकं स्वच्छ मी ते कधी ऐकलंच नव्हतं. आमच्या कॅसेटची टेप ताणलेली असणार, कारण खऱ्या गाण्याची चाल बरीच जलद निघाली आणि ती सुरुवातीची गिटार अजिबात चाचपडत नव्हती, चांगली झपाझप चालत होती. शेवटची आरोळीही आखूड होती. आबांच्या हाकेसारखी तर नव्हतीच. मी ज्या गाण्यासाठी बोटं सोलून घेतली ते गाणं कुठं नव्हतंच, ते सुहासच्या बिघडलेल्या टेपमध्ये तेवढं होतं. मुलीला म्हटलं, दुसरं लाव.

आई-आबा दोघंही आता नाहीत. घराला कुलूप आहे. तुम्ही भावकीतले लोक फोनवर विचारता, कधी येणार, घर पडायला आलंय. मी येतो म्हणतो आणि येत नाही, तुम्हालाही ते कळून चुकलंय. रागावू नका. भिंती पडल्या तर पडू द्या. त्या भिंतींत आपण वर्षातले चार महिनेसुद्धा धड राहत नव्हतो.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगितलेली नाही, ती सांगून टाकतो. होसूरला गेलो त्याच हिवाळ्यात मी बूथवरून सुहासला फोन केला होता. तो सांगलीतच चिकटला होता, त्याच खोलीत. म्हणाला, अरे, तुझे आबा येऊन गेले. मला वाटलं दवाखान्याच्या कामाला आले असतील. तसं नव्हतं. ते वडूजवरून चालत आले होते. त्या गुडघ्यानिशी, खांद्यावर घोंगडं, हातात काठी, विट्यावरून इस्लामपूर, दरवर्षीच्याच वाटेनं, दरवर्षीच्याच रानांत मुक्काम करत. मेंढरं कुठायत म्हणून वाटेत लोक विचारत होते म्हणे. इस्लामपूरला रान संपलं तसे तिथून पुढं सांगलीला आले आणि पत्ता विचारत विश्रामबागेत खोलीवर पोचले. सुहासनं त्यांना पाणी दिलं, सांगितलं की तो होसूरला असतो आता. ते म्हणाले, ठाऊक हाय. मग इतक्या लांब चालत कसं काय आलात, काही काम होतं का, असं त्यानं विचारलं.

"काम न्हाई," आबा म्हणाले, "दिवाळी झाली न्हवं का."

चहा घेतला आणि गेले.

मला विचाराल तर घर म्हणून माझ्याकडं आता तेवढंच शिल्लक आहे. दिवाळीचे दिवे विझले, मुलीची शाळा सुरू झाली की इथं होसूरच्या फ्लॅटमध्ये माझ्या पोटऱ्या दुखायला लागतात. बायको तेल लावून देते. निघायची वेळ झालेली असते, आणि हाकायला पुढ्यात काही नसतं.